जिवंत माणसाच्या दारात थांबलेला बँड

या ग्रुपवर मी भुतांवर विश्वास आहे म्हणून आलेली नाही. फुकट मटेरियल मिळतं म्हणून आले. मी लोकांना हसवून पोट भरते, आणि इथल्याइतका कच्चा माल दुसरीकडे कुठेही मिळत नाही. घाटात लिफ्ट मागणारी बाई, उलटे पाय, बरोबर त्याच क्षणी बंद पडलेला मोबाईल… आणि अनुभव कधीच लिहिणाऱ्याचा नसतो, त्याच्या मावसभावाच्या रूममेटचा असतो. खाली तुमच्या कमेंट्स — "बापरे, अंगावर काटा आला, मी घरी एकटीच आहे." मग वाचतेस कशाला बाई? झोप ना.

तर मला तुम्हा लोकांची कीव येते, हे आधीच सांगून टाकते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. पण मागच्या मे महिन्यात वसईत जे झालं ते माझ्या स्वतःच्या हाताखाली झालं, दिवसाढवळ्या झालं, आणि त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून चिडून लिहितेय. गोड मानून घेऊ नका.

आधी माझ्याबद्दल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी ड्रम वाजवते. वसईतल्या ख्रिस्ती लग्नांत जो बँड असतो, त्यात पट्टा गळ्यात अडकवून साइड ड्रम वाजवते ती मी. आणि लग्न नसेल त्या दिवशी नाशिक, सांगली, कोल्हापूर, जिथे बोलावतील तिथे जाते, स्टेजवर एकटी उभी राहते आणि लोकांना हसवते. सोलो कॉमेडी. राहते विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, भाड्याने. तिथे ड्रमला हात लावला तर बिल्डिंगवाले मला गच्चीवरून खाली टाकतील, म्हणून सराव वालीवला, एका ओळखीच्याच्या गाळ्यात, पत्रे कापायच्या मशीनशेजारी. मशीनचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे तक्रार कोणाची नाही.

बँडवाल्यांना माझे शो म्हणजे काम वाटत नाही — "बोलायचंच तर असतं ना?" शोवाल्यांना बँडची लाज वाटते — "तू अजून वरातीत वाजवतेस?" दोन्हीकडची ही हुशार माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, हे त्यांचं नशीब.

माझं गाव वसई पश्चिमेला, केळीच्या वाड्यांमधलं. नाव सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. त्या गावात आमच्या आळीत फिलूकाकी राहते. सख्खी नाही, शेजारची. मी शाळेत असताना पहिल्यांदा ड्रम गळ्यात घातला, तेव्हापासून या बाईने मला सुखाने वाजवू दिलेलं नाही. मिरवणूक तिच्या दारावरून निघाली की ओट्यावर येऊन कमरेवर हात ठेवणार आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार, "बाईमानसाच्या हातात काठ्या! कोन करनार हिच्याशी लग्न?" रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या पायऱ्यांवर गाठून तेच. (आमची घरची बोली जशीच्या तशी लिहिली तर तुमच्यातल्या निम्म्यांना सबटायटल्स लागतील, म्हणून सोपं करून लिहितेय.)

मीही वचपा काढला. माझ्या शोमधला सगळ्यात चालणारा तुकडा म्हणजे फिलूकाकी. पदर खोचून, मान तिरकी करून तिचा आवाज काढला की सांगलीची माणसं खुर्चीवरून पडतात. ज्यांनी जन्मात वसई बघितली नाही, तीसुद्धा. त्या बाईला मी घरबसल्या अर्धा महाराष्ट्र फिरवून आणला.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी, उन्हं कलायला लागली की नवरीच्या घरच्या बायका नटूनथटून घागरी घेऊन विहिरीवर पाण्याला जातात. त्या पाण्याने नवरीची आंघोळ. पुढे बँड, मागे नाचणाऱ्या बायका. यात एक नियम आहे. वाटेत ज्या घरात वर्षभरात कोणी वारलं असेल, त्या घरासमोर बँड गप्प होतो. त्यांचं फाटक ओलांडेपर्यंत नुसतं चालायचं. पुरुष टोप्या काढतात, बायका क्रूसाची खूण करतात. आणि गप्प होण्याचा इशारा ड्रमवाल्याने द्यायचा असतो — ड्रमच्या लोखंडी कडेवर काठीने दोन कोरडे ठोके. टक-टक. ते ऐकले की सगळे बंद. का म्हणून विचारायचं नाही, मान वर करून बघायचं नाही, बंद म्हणजे बंद. कुठलं घर दुखवट्याचं आहे ते आमचे बँडमास्तर जुजे लग्नघरी विचारून घेतात आणि निघण्याआधी मला सांगतात. त्या दिवशी सगळ्या वाटेवर तसं एकच घर होतं. विहिरीकडे जाताना आम्ही तिथे रीतसर गप्प राहिलो होतो. येतानाची वाट दुसऱ्या बाजूने होती.

त्याच संध्याकाळी ठाण्याला माझा शो होता. तोवर मी कॅफेत शो केले होते, शाळेच्या हॉलमध्ये केले होते, एकदा तर बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात केला होता. हा पहिलाच खऱ्या नाट्यगृहात, पडदा-बिडदा असलेल्या. हा चालला की आयोजक पुढचा सगळा दौरा लावणार होता. नाही चालला तर मी आहे आणि वराती आहेत. गाडी आळीच्या तोंडाशी लावून ठेवली होती, शोचे कपडे मागच्या सीटवर. मास्तरांना बजावलं होतं, "पाणी घरी पोचलं की मी सुटले. एकही गाणं जास्त वाजवणार नाही."

"जा गं बाय," मास्तर म्हणाले. "जा तुझ्या गप्पा मारायला."

विहिरीवरून आम्ही परत निघालो. भरलेल्या घागरी घेऊन बायका नाचत होत्या, निम्मं पाणी रस्त्यावर. फिलूकाकीचं घर आलं. ओट्यावर तिचा नवरा, बस्त्यावकाका, बनियन आणि हाफपँटवर चहा पीत बसलेला. काकी दिसली नाही. तरी मी सवयीने जोर वाढवला. तिच्या दारात मी नेहमीच वाढवते, तिला त्रास व्हावा म्हणूनच वाढवते. एक लांब रोल घेतला, दोन्ही काठ्या ड्रमवर नुसत्या थरथरत होत्या.

आणि कडेवर वाजलं. टक-टक.

बँड बंद. कॉर्नेट, क्लॅरिनेट, मोठा ड्रम, सगळं अर्ध्या सुरात तुटलं. माझे हातही थांबले, कारण ते ठोके ऐकले की थांबायचं हे माझ्याही हाडात बसलेलं आहे. नाचणाऱ्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. आणि मग त्या एवढ्या शहाण्या जमावाने, एकानेही डोकं न वापरता, जे करायचं असतं ते केलं. पुरुषांनी टोप्या काढल्या. बायकांनी क्रूसाची खूण केली. सगळ्यांच्या माना खाली.

बस्त्यावकाकाच्या समोर. तो बशीत चहा ओतत होता.

माझ्या मनात पहिला विचार आला — हे शोमध्ये घ्यायचं. खोटं कशाला बोलू? सबंध गाव एका धडधाकट माणसाला त्याच्या तोंडावर श्रद्धांजली वाहत होतं.

काका उठून उभा राहिला. "काय रे ए? मी मेलोय? जिता हाय मी! च्या पितोय, दिसत नाय?"

मास्तर दातओठ खात माझ्याकडे वळले. "घर चुकलीस तू."

"मी वाजवलं नाही."

"मग काय माझ्या बापाने वाजवलं? ड्रम कोनाच्या गळ्यात हाय?"

तिकडे काकाचा पारा चढतच होता. "त्या फिलूला पुढे काढा आधी. हाय ना तुमच्यात, पान्याला आलेली? विचारा तिला, सकाळी भाकऱ्या कोन खाऊन गेला, मी का माझं भूत?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग नवरीची आई म्हणाली, "काका, काकी पान्याला आलीच नाय. आम्हाला वाटलं, ही वाजवते म्हनून ती नाय आली."

'ही' म्हणजे मी.

काकाने बशी ओट्यावर ठेवली. "मग कुटं हाय?" हे त्याने आम्हाला विचारलं की स्वतःला, कोण जाणे. तो आत गेला. बँड गप्प होता म्हणून पुढचं आम्हाला ऐकू आलं. घराच्या पार मागून, मोरीकडून, त्याने एकदाच हाक मारली, "फिलू." बास. तसा आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही.

ती मोरीच्या कठड्याशी पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे, शब्द एकही नाही. उजवं अंग गेलेलं आणि डावा हात अंगाखाली अडकलेला. कधी पडली कोणाला ठाऊक. नवऱ्याला वाटत होतं ती पाण्याला गेलीय, पाण्याला गेलेल्यांना वाटत होतं ती रागावून घरी बसलीय. आम्ही वाजवत पुढे गेलो असतो तर जेवायच्या वेळेपर्यंत तिला कोणी शोधलं नसतं.

आळी मांडवाने अडलेली, अँब्युलन्स आत येण्याचा प्रश्नच नव्हता. मोकळी गाडी एकच, माझी. काकाने आणि क्लॅरिनेटवाल्याने तिला उचलून आणलं, शोचे कपडे गुंडाळून तिच्या डोक्याखाली दिले, आणि मी हॉर्नवरचा हात न काढता गाडी हाणली. आरशात बघितलं की ती माझ्याकडेच बघत असायची. त्या नजरेत आभार वगैरे काही नव्हतं, नेहमीचीच नजर होती. आणि मला भीती वाटली. तुमच्या भुताखेतांची नाही. ही बाई माझ्या गाडीत मरेल, याची.

मेली नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका आहे, वेळेत आणलंत, आणखी थोडा वेळ गेला असता तर हातात काही नव्हतं.

हॉस्पिटलच्या पायरीवरून मी आयोजकाला फोन केला. येऊ शकत नाही म्हटलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. तो एवढा खूश झाला! "अगं, काय भारी आहे हे! शोमध्ये घे ना!" बाई आत नळ्या लावून पडलेली, आणि याला मटेरियल दिसत होतं. माझ्या जागी त्याने एकाला उभं केलं, ज्याचे सगळे विनोद बायकोच्या स्वयंपाकावर आहेत आणि ज्याचं अजून लग्न झालेलं नाही. मस्त झाला म्हणे शो. लोकांना काहीही चालतं. पुढचा दौराही त्यालाच मिळाला.

आता मुद्द्याचं. मी ते ठोके दिले नव्हते. पण गावात कोणाचाच विश्वास बसेना, म्हणून मिरवणुकीचा व्हिडिओ मागवून घेतला. नवरीच्या भावाने मोबाईलवर काढलेला, आणि नशिबाने त्या वेळी तो माझ्या अगदी समोर होता. वालीवच्या गाळ्यात मशीन बंद असताना लॅपटॉपवर बघितला, मग हळू करून बघितला, मग आणखी हळू. माझे दोन्ही हात स्वच्छ दिसतात. रोल चालू आहे. कडेवर ठोकायचं तर काठी उचलावी लागते, मनगट बाहेर वळवावं लागतं. वळलेलं नाही. काठ्या ड्रमवर थरथरत असतानाच टक-टक ऐकू येतं, आणि त्यानंतर माझे हात थांबतात. आधी ठोके, मग मी. एवढा रोल घेत कडेवर ठोकायचं तर तिसरा हात लागतो. मोठा ड्रम वाजवणाऱ्याकडे गोंड्याची काठी असते, तिने लोखंडावर मारलं तरी धप्प होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडात वाद्यं.

"एडिट केलं असेल" असं लिहायला ज्यांची बोटं वळवळतायत त्यांच्यासाठी — नवरीच्या भावाला स्वतःचा प्रोफाइल फोटो अजून सरळ लावता आलेला नाही.

मास्तरांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला, मोबाईल मला परत दिला आणि म्हणाले, "यापुढे दुखवट्याची घरं मी तुला सांगनार नाय. तुला जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांब." आयुष्यभर कॉर्नेट फुंकलेला माणूस, आणि ही अक्कल. मी म्हटलं, मास्तर, मला कुठेच थांबावंसं वाटत नाही, तुम्ही आपले सांगत जा.

मग उत्तरं द्यायला सगळे पुढे आले. फादरनी प्रवचनात 'परमेश्वराची योजना' म्हणून आमची गोष्ट सांगितली. योजनाच करायची होती तर बाईला पाडायचंच कशाला, हे कोणी विचारलं नाही. क्लॅरिनेटवाल्याचं म्हणणं, ड्रममध्ये जुन्या कुठल्यातरी वादकाचा आत्मा आहे. ड्रम मी ऑनलाइन मागवलेला आहे, माझ्याआधी त्यात फक्त थर्माकोल होता. डॉक्टरांनी चष्मा पुसत 'योगायोग' म्हटलं. योगायोगाच्या हातात काठी कुठून आली, ते त्यांनाही सांगता येईना. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय आलं ते मी लिहिणारसुद्धा नाही.

मला स्वतःला एक साधं उत्तर हवं होतं, आणि ते फिलूकाकीकडेच मिळेल असं वाटत होतं. ती घरी आल्यावर मोसंबी घेऊन गेले. ओट्यावर खुर्चीत बसली होती. बोलणं संथ झालेलं, पण जीभ होती तशीच.

"माझी नक्कल करतेस म्हने."

"करते."

"करून दाखव."

आता काय करणार? पदर नव्हता, ओढणी खोचली, कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि सुरू झाले. तिने शेवटपर्यंत बघितलं. चेहरा हलला नाही, तसाही अर्धा हलत नव्हता. मग म्हणाली, "मी मान अशी वाकडी करत नव्हते." जरा थांबून, "आता होते म्हना."

मी खोचलेली ओढणी सोडली.

मग मी विचारलं, "काकी, पडलात तेव्हा काही वाजवलंत का? तांब्यावर, बादलीवर, कशावर तरी?" घराच्या मागून बादलीचा आवाज भर बँडमध्ये रस्त्यावर ऐकू येणार नाही, हे मला कळतं. पण मी ते मान्य करायला तयार होते. काहीही मान्य करायला तयार होते.

"कशाने वाजवनार? एक हात मेलेला, दुसरा अंगाखाली."

"मग?"

"मग काय? बँड ऐकत पडले होते. जाताना लांबून ऐकला, येताना ऐकला. ओरडायला जात होते, तोंडातून आवाजच नाय. तुम्ही दारात आलात तेव्हा वाटलं, हे गेले की मी गेले. म्हनून म्हटलं मनात, थांब."

"देवाला म्हणालात?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की तेवढ्यानेच माझी अक्कल निघाली. "देवाला कशाला? देव काय ड्रम वाजवतो? तुला म्हटलं. थांब गं बाय, म्हटलं, थांब." आणि मग, "जन्मात पयल्यांदा ऐकलंस माझं."

मी म्हणाले, "नाही काकी. मी तुमचं ऐकलं नाही. मी वाजवतच होते. व्हिडिओ आहे माझ्याकडे."

"मग कोनी वाजवलं?"

मोसंबं सोलून तिच्या डाव्या हातात दिलं आणि निघून आले.

इथे तुम्हाला काहीतरी शेवट हवा असेल. नाहीये. शोमध्ये मी हा किस्सा घेते, पण काका बशीत चहा ओततो तिथपर्यंतच. तिथे लोक खुर्चीवरून पडतात आणि मी पुढच्या विनोदाकडे वळते. पुढचं पहिल्यांदाच लिहितेय. कोणाला उत्तर सापडलं असेल तर कृपा करून कमेंटमध्ये लिहू नका, तुमची उत्तरं मी वर्षानुवर्षं वाचत आलेय. मला माहीत नाही, एवढंच खरं आहे, आणि ते लिहिताना मला भयंकर राग येतोय.

बँड अजूनही त्या दारावरून जातो. दार जवळ आलं की सगळे वादक चोरून माझ्या हातांकडे बघतात, गाढव कुठले. मी त्यांच्याकडे बघत नाही. ओट्याकडे बघते, आणि काकी खुर्चीत दिसेपर्यंत नजर हटवत नाही. ती दिसते. तोंड वाकडं करते. मग मी कान फाटतील एवढ्या जोरात वाजवते.